जुन्या चित्रपटांचे रिमेक आणि नागपूरचा प्रेक्षक

रिमेक म्हणजे पूर्वी पडद्यावर येऊन गेलेला चित्रपट नव्या नटसंचात आणि नव्या तंत्राने पुन्हा काढणे. मराठीत ‘पुनर्निर्मिती’ असा शब्द आहे, पण तो कागदावरच राहिला. टॉकीजच्या रांगेत सगळे रिमेकच म्हणतात. जुनी प्रत पुन्हा प्रदर्शित करणे, कथा पुढे नेणारा दुसरा भाग काढणे, नाटकाचा चित्रपट करणे हे प्रकार वेगळे. तरी पाहणाऱ्याच्या मनात या सीमा फारशा पक्क्या नसतात. गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक असताना लोक पुन्हा तिकीट का काढतात, हा यातला खरा प्रश्न.

नागपूरच्या प्रेक्षकाला हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा घरच्याच. शहर एके काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. प्रांत केव्हाच गेला, पण चित्रपट वितरणाच्या धंद्यात ‘सी.पी. बेरार’ हे त्याचे इंग्रजी नाव अजून चालते. व्हरायटी चौक, लिबर्टी चौक, पंचशील चौक, अलंकार चौक ही नावे टॉकीजवरूनच पडली. ऑटोवाल्याला पत्ता सांगतानाही इथला माणूस नकळत टॉकीजचे नाव घेतो. अशा गावात जुन्या पिक्चरचे नाव नव्या पोस्टरवर दिसले की घरातल्या थोरांना आपण तो कुठे, कोणासोबत पाहिला होता ते आठवते आणि मग सगळे घर निघते.

मध्यंतरात दोन पिढ्यांचे बोलणे ठरलेले. “जुन्यात असं नव्हतं बाप्पा.” “मग कसं होतं, आबाजी?” पुढची पंधरा मिनिटे आबाजींची. रिमेकचे निम्मे आकर्षण या संवादात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नवा पिक्चर थोरांना सांगायला निमित्त देतो आणि लहानांना विचारायला.

या आवडीचे मूळ चित्रपटाहून जुने आहे. कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथा सांगण्याच्या भागात, हरिश्चंद्राचे आख्यान लागले, तर राजाचे पुढे काय होणार हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. लोक येतात ते हा बुवा ते कसे सांगतो हे ऐकायला. संगीत नाटकातले पद वडिलांनी एका नटाकडून ऐकलेले, मुलाने दुसऱ्याकडून; वाद होतो तो कोणी जागा कशी घेतली यावर. विदर्भातली दंडार ही लोककला आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटके याच सवयीवर पोसली. रिमेक पाहणारा प्रेक्षक हा त्याच श्रोत्यांचा वारस आहे.

भारतीय चित्रपटानेही हे पहिल्यापासून केले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला. बोलपट आल्यावर १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने तेच आख्यान ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलके केले. मेहबूब खान यांनी स्वतःचाच ‘औरत’ (१९४०) सतरा वर्षांनी ‘मदर इंडिया’ म्हणून रंगीत केला. ‘देवदास’ तर पिढीगणिक येत राहिला : सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान. १९५५ चा ‘देवदास’ दिग्दर्शित करणारे बिमल रॉय सैगलांच्या ‘देवदास’चे छायालेखक होते, म्हणजे एकाच माणसाने तीच शोकांतिका दोनदा घडवली.

प्रेक्षकाच्या आठवणीचा सर्वांत धीट वापर ‘डॉन’च्या रिमेकमध्ये दिसतो. १९७८ च्या चित्रपटात डॉन मरतो, त्याच्यासारखा दिसणारा साधा विजय त्याची जागा घेतो आणि शेवटी निर्दोष सुटतो. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी बराच काळ हीच वाट धरली. जुना चित्रपट पाठ असलेला माणूस निश्चिंत बसतो, आणि शेवटी कळते की मेला तो विजय. इतका वेळ आपण पाहत होतो तो डॉनच. ज्याने मूळ चित्रपट पाहिला नव्हता त्याला हा एक धक्का वाटला. ज्याने पाहिला होता तो स्वतःच्या आठवणीमुळे फसला, आणि त्याची मजा दुप्पट झाली. पटकथा मूळची सलीम-जावेद यांची आणि नवा दिग्दर्शक जावेद अख्तर यांचा मुलगा, हेही इथे लक्षात घ्यावे.

‘अग्निपथ’चे (१९९०, २०१२) कारण वेगळे. पहिला चित्रपट तिकीटबारीवर चालला नव्हता, मागाहून त्याचे चाहते वाढले. नव्या चित्रपटाने कृष्णन अय्यर हे पात्र काढून रौफ लाला आणला आणि तो चांगला चालला. उलट ‘उमराव जान’ (२००६) आणि ‘जंजीर’ (२०१३) आपटले. जुन्या ‘उमराव जान’मुळे खय्याम यांच्या चाली आणि आशा भोसले यांचा आवाज ज्या कथेत इतका मुरलेला आहे, तिथे नुसते नवे रेशीम पुरत नाही. ‘जंजीर’मधला राग १९७३ च्या हवेतला होता, काळ बदलला, रागाचे नवे कारण शोधले गेले नाही.

मराठी घरांत सर्वाधिक वेळा पाहिलेल्या चित्रपटांत ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मोडतो. त्याचे संवाद मुलांनाही पाठ असतात, पण तो हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’चा (१९६६) रिमेक आहे हे थोड्यांना ठाऊक असते. रिमेक मुळाहून मोठा होऊ शकतो, याला दुसरा दाखला लागू नये. ‘श्यामची आई’ची गोष्ट नाजूक. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते. २०२३ मध्ये तो नव्याने आला तेव्हा निर्मात्यांनी तो कृष्णधवलच ठेवला. पाहणाऱ्याच्या आठवणीतला रंग न बदलण्याचा हा निर्णय प्रेमाचा होता.

नागपूरचा या विषयाशी सर्वांत जवळचा धागा मात्र गायक-नट वसंतराव देशपांडे यांच्यातून जातो. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात वाढलेले वसंतराव भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९३५) कृष्ण झाले. याच कथेवर फाळक्यांनी १९१९ साली मूकपट काढला होता आणि त्यात कृष्ण त्यांची मुलगी मंदाकिनी होती. पुढे १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे दोन गायकांच्या, पंडितजी आणि खाँसाहेबांच्या, स्पर्धेचे संगीत नाटक आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच. खाँसाहेब झाले वसंतराव. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ या पदाला दोन चाली दिल्या : पंडितजींची शांत, खाँसाहेबांची चपळ. शब्द तेच, गोडी निराळी. रिमेकचे सगळे शास्त्र त्या एका पदात ऐकू येते. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी नाटकाचा चित्रपट केला. हा काटेकोर अर्थाने रिमेक नव्हे, पण पाहणाऱ्यांनी तो तसाच पाहिला. पडद्यावर खाँसाहेब होते सचिन पिळगावकर, आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. नागपूरच्या कितीतरी मुलांना तोवर वसंतराव देशपांडे म्हणजे सिव्हिल लाईन्समधले सभागृह, गॅदरिंगला जायचे ठिकाण. चित्रपट पाहून घरी आल्यावर आजोबांनी मोबाइलवर जुने ध्वनिमुद्रण लावायला सांगितले, की त्या सभागृहाच्या नावाला आवाज आला.