लोजिए आणि कायरोप्लास्टचा वाद : पार्श्वभूमी

योहान बर्नहार्ड लोजिए (१७७७–१८४६) जन्माने कासेलचा, पण कारकीर्द आयर्लंडमध्ये घडली: आधी लष्करी बँडमध्ये बासरी, मग वेस्टपोर्टला ऑर्गन, शेवटी डब्लिनमध्ये पियानोची शिकवणी. १८१४ मध्ये त्याने कायरोप्लास्टचे, म्हणजे पियानो शिकताना हात आणि बोटे ठरावीक जागी धरून ठेवणाऱ्या उपकरणाचे, पेटंट घेतले आणि पुढची बहुतेक चर्चा त्याभोवतीच फिरत राहिली.

पियानोच्या पट्ट्यांच्या वर बसवायची ही लाकडी चौकट. दोन समांतर दांड्यांमधून हात मनगटापर्यंत आत जाई, म्हणजे मनगट ना वर उचलता येई ना खाली पाडता येई. आडव्या सळईवर प्रत्येक हातासाठी एक सरकता पितळी साचा, त्यात पाच बोटांना पाच कप्पे. मनगट बाहेर वळू नये म्हणून वेगळी तार. सलग पाच स्वरांपुरते हे ठीक. संपूर्ण सप्तक वाजवताना मात्र अंगठा बोटांखालून पुढे न्यावा लागतो, आणि कप्प्यातल्या अंगठ्याला ते जमत नाही. हाताचे वजन पट्टीवर उतरत नाही, मनगट आखडते. विरोधकांचा हा आक्षेप रास्तच होता.

पण १८१७ मध्ये लंडनच्या एका नामवंत संस्थेतील वादकांनी त्याच्या विद्यार्थ्यांची परीक्षा पाहिली आणि त्यानंतर पत्रकांचे जे युद्ध पेटले, त्याचे कारण एवढेच नव्हते. लोजिए डझनभर पियानोंवर एकाच वेळी वर्ग घेई. नवशिके साधी धून वाजवत, पुढचे विद्यार्थी तिच्यावरची व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची बदललेली रूपे, सगळे एकाच लयीत. हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे शास्त्र, तो सुरुवातीपासूनच शिकवी. एकेकट्याची शिकवणी घेणाऱ्यांच्या पोटावर यामुळे पाय येत होता. शिवाय ही पद्धत शिकण्यासाठी तो शिक्षकांकडून १०० गिनी घेई, त्याने कटुता वाढली.

प्रशियाच्या सरकारने मात्र त्याला बर्लिनला बोलावून तिथल्या शिक्षकांना तयार करवून घेतले. त्याचा हार्मनीवरचा ग्रंथ १८२८ मध्ये लाइपझिगमधल्या एका पोरसवदा विद्यार्थ्याने भाड्याने आणला. परत करायला इतका उशीर केला की भाड्याची रक्कम फुगत गेली. तो मुलगा, रिचर्ड वॅग्नर, पुढे जर्मन ऑपेराचा सर्वांत वादग्रस्त संगीतकार ठरला.

उपकरणाची सुटसुटीत आवृत्ती, म्हणजे मनगटाखालची नुसती एक दांडी, पॅरिसमध्ये शतकाच्या मध्यानंतरही विकली जात होती. सामूहिक वर्ग त्याहून टिकले: आज संगीत महाविद्यालयांच्या कीबोर्ड लॅबमध्ये हेडफोन लावून डझनभर विद्यार्थी एकत्र शिकतात आणि हार्मनीही त्याच तासाला होते.