आधी पन्नास, मग फोर-के : आखाड्यातल्या शूटिंगमागचा इतिहास

बेळगाव भागात कुस्तीच्या मैदानाचं शूटिंग ठरलं की पहिला प्रश्न येतो, "फोर-के आहे ना?" म्हणजे चित्रात ठिपके भरपूर आहेत ना. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं घेणार, हे सहसा कुणी विचारत नाही. आखाड्यासाठी मात्र आधी तेच ठरवावं लागतं, आणि त्याचं कारण बरंच जुनं आहे.

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे. वेग थोडा पुढेमागे झाला तरी चालून जायचं. बोलपट आला, फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसली आणि वेग हलला की आवाजही बिघडू लागला. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस २४ फ्रेम हा आकडा पक्का झाला. टीव्हीचा आकडा ठरला तो विजेवरून. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची. विजेची थरथर चित्रात उतरू नये म्हणून टीव्हीचा वेग तिच्याशी जुळवला गेला. तिकडे ३० फ्रेम, इकडे २५. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते याच २५ फ्रेमच्या पाल पद्धतीवर. तिच्यात ६२५ ओळी, त्यांतल्या चित्राच्या ५७६.

पण हे २५ नुसतं कागदावरचं. प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत यायची, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. म्हणजे हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपली जायची.

हे मला नीट उमगलं ते एका जुन्या व्हीएचएस कॅसेटमुळे. गल्लीतल्या काकांनी खानापूरकडच्या एका जत्रेतली कुस्ती आणून दिली होती. चित्र धूसर, लाल मातीचा रंग लंगोटावरही ओघळलेला. तरी ढाक हा डाव लागला तेव्हा पैलवान कसा फिरला आणि पाठ कुठे टेकली, ते स्वच्छ दिसत होतं. कॉम्प्युटरवर तिथेच थांबवलं, तर त्याच्या पायाच्या कडेला कंगव्यासारखे दात! दोन हप्त्यांमधल्या एक पन्नासांश सेकंदात पाय तेवढा सरकलेला. कॉम्प्युटरवर घेताना मी ते दात पुसून सरळ २५ फ्रेम केल्या, आणि डाव तुटक दिसू लागला. मग पन्नासच्या पन्नास ठेवून पुन्हा घेतली. काका म्हणाले, "आत्ता बघ. मघाशी पोरगं कधी पडलं तेच दिसंना."

मधल्या काळात आपण हे हरवून बसलो. कॅनन फाइव्ह-डी मार्क टू हा व्हिडिओही घेणारा फोटो-कॅमेरा २००८ साली आला. सुरुवातीला त्यात फक्त ३० फ्रेम होत्या, २४ आणि २५ फ्रेम २०१०च्या अपडेटमध्ये आल्या. लग्नाच्या शूटिंगला सिनेमाचा बाज आला, आणि अंतरपाट, अक्षतांना तो शोभतोही. तीच सवय आखाड्यात आणि लेझीमच्या पथकासमोर नेली, तिथे मात्र घोटाळा झाला.

दिव्यांचंही तसंच. आपल्या विजेवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पुष्कळ मोबाइल मुळात ३० किंवा ६० फ्रेमवर लावलेले असतात. शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं की शिवजयंतीच्या चित्ररथांवरून काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. ५० फ्रेम आणि एक शतांश शटर ठेवलं की साध्या दिव्यांखाली त्या जातात. एलईडी पडद्यांचा ठेका वेगळा असू शकतो, तेव्हा मिरवणूक निघण्याआधी तिथे उभं राहून तपासूनच घ्यावं.

आता रिझोल्यूशन. पालच्या डिजिटल फ्रेममध्ये सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके, फुल एचडीत २० लाख ७३ हजार, फोर-केत त्याच्या चौपट. तरी एचडी आलं तेव्हा अमेरिकेत ईएसपीएन या क्रीडावाहिनीने खेळांसाठी १०८० सोडून ७२० ओळी आणि ६० फ्रेम निवडल्या. युरोपच्या प्रसारण संघटनेनेही २००४ साली ७२० ओळी आणि ५० फ्रेम याच पारड्यात वजन टाकलं. ओळी कमी चालतील, पण हालचाल तुटता कामा नये, असा तो हिशेब होता. गावातून थेट प्रक्षेपण करताना नेट रडतं, तिथे तो आजही लागू पडतो.

कडोलीच्या साहित्य संमेलनात गोष्ट उलटी. वक्ता एका जागी उभा, चेहरा स्पष्ट हवा. तिथे २५ फ्रेम पुरतात, आणि फोर-के असेल तर एकाच कॅमेऱ्यातून जवळचं चित्र कापून घेता येतं. आखाड्यात मी फुल एचडी, ५० फ्रेम लावतो. कॅमेरा फोर-केतही ५० देत असेल आणि दिवसभर पुरतील एवढी कार्डं जवळ असतील, तरच वर जातो.