ॲक्युपंक्चर : गुडघ्यांच्या झिजेवरील उपचार (ग्रामीण विदर्भ)

ॲक्युपंक्चर ही शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याची चिनी उपचारपद्धती. वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. उकिडवं बसून निंदण आणि वाकून कापूसवेचणी यांत वर्षं गेलेल्या बायांचे टोंगळे पन्नाशीनंतर धरतात, तेव्हा या उपचाराची चौकशी होते.

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसे नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला असून केंद्र सरकारने तिला २०१९ मध्ये मान्यता दिली.

गुडघ्याच्या वाटीभोवती, तसेच गुडघ्याखाली नडगीच्या दोन्ही अंगांना सुया टोचून वीस ते तीस मिनिटं ठेवतात. कधी त्यांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. टोचण्याने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीरातली वेदनाशामक द्रव्यं, विशेषतः एंडॉर्फिन, स्रवतात, असं त्याचं आधुनिक स्पष्टीकरण आहे. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं मऊ अस्तर) मात्र सुईने भरून येत नाही. तसं आश्वासन कोणी दिलं, तर ते खोटं समजावं.

पुरावा संमिश्र आहे. २००४ च्या अमेरिकी चाचणीत ५७० रुग्ण होते. २६ आठवड्यांत २३ वेळा सुया टोचलेल्यांना नकली (तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ) उपचारापेक्षा अधिक आराम पडला. २००६ साली जर्मनीत हजारावर रुग्णांवर झालेल्या चाचणीत खरा आणि नकली उपचार जवळपास सारखेच उतरले, पण दोन्ही नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरले. अमेरिकी संधिवाततज्ज्ञांची संघटना हा उपचार सशर्त सुचवते, तर ब्रिटनची नाइस ही उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी संस्था तो देऊ नये म्हणते. खुब्याच्या झिजेत फायदा जवळपास नाही.

२३ खेपा हा आकडा गावाकडे फार मोठा आहे. एसटीने तालुक्याला जाऊन येणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं, आणि ऐन वेचणीत ते परवडत नाही. मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम घरीच होतो, त्याला खर्च नाही आणि त्याचा पुरावाही अधिक भक्कम आहे. म्हणून पहिला मान त्याचा. तरीही मूत्रपिंड नाजूक झालेल्या किंवा पोटात व्रण असलेल्या माणसाला दुखण्याच्या गोळ्या सोसत नाहीत. अशांसाठी ॲक्युपंक्चर हा जोडउपचार म्हणून विचारात घेण्यासारखा आहे.

सुयांआधी निदान पक्कं हवं, आणि विदर्भात तर ते फारच महत्त्वाचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तरुणाचा खुबा दुखत असेल, तर सिकलसेलमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनेही सांधे आखडतात. सांधा गरम, लाल आणि सुजलेला असेल व ताप असेल, तर थेट दवाखाना गाठावा.

सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि रुग्णासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावं. पेसमेकर असलेल्यांनी विद्युतप्रवाह टाळावा. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावून कातडी उतली असेल, तर ती भरेपर्यंत तिथे सुई टोचू नये.