शेकोटीची ऊब पाठीला का लागत नाही?

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून यावल तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो की पहिली रात्र भरताची. मळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटते, जाळात बामणोदकडची मोठी हिरवी वांगी भाजली जातात, सोललेला गर लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचला जातो. भोवती माणसं दाटीवाटीनं बसतात. उशिरा आलेला म्हणतो, "सरक ना भो जरा."

गेल्या वर्षी कामामुळे जाता आलं नाही. खोलीत हीटर होता, अंगावर शाल होती, तरी आतून गारठा जाईना. ऊब म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

खानदेशात डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात थेट आकाशात सोडून देते. अडवायला ढग नसतात. म्हणून पारा १० अंशांखाली जातो, धुळ्याकडे काही पहाटे ५-६ अंशांपर्यंतही. आपलं शरीरही तसेच किरण सोडत असतं. शेकोटीची तापलेली हवा वर निघून जाते. आपल्याला शेक मिळतो तो मुख्यतः तिच्या अवरक्त किरणांचा, आणि ते सरळ रेषेत येतात. त्यामुळे छाती भाजते आणि पाठ मात्र थंड आकाशाकडे उष्णता गमावत राहते. शेजारी माणूस बसला की तेवढ्या बाजूचं आकाश झाकलं जातं, वाराही अडतो. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. शेकोटीभोवतीची दहा माणसं म्हणजे एक हजार वॅटचा हीटरच! दाटीवाटीनं बसण्यात एवढं भौतिकशास्त्र आहे.

भरताचा घास घेतला की तोंडात जाळ होतो. हा 'जाळ' शब्द अगदी अचूक आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखतो. मेंदूला निरोप एकच जातो: भाजतंय. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे ऊब जाणवायला दरवेळी तापमान वाढावं लागतंच असं नाही.

मग माणसांची ऊब? २००८ साली एक प्रयोग गाजला: हातात गरम कॉफीचा कप धरलेल्यांना अनोळखी माणूस अधिक प्रेमळ वाटला. पुढे मोठ्या गटांवर तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. ऐकायला गोड असला, तरी तो निष्कर्ष मी सोडून दिला. २०१३ चा एक अभ्यास मला अधिक विचार करायला लावतो. जिवलगांनी लिहिलेले मायेचे निरोप वाचताना आणि हातात गरम पिशवी धरताना मेंदूतले काही तेच भाग जागे झालेले स्कॅनमध्ये दिसले. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण हीटरपुढची ती रात्र आठवली की तो मला खरा वाटतो.

आणि शेकोटीजवळ बोलणंही बदलतं. मानववंशशास्त्रज्ञ पॉली वीसनर यांनी आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या बुशमन लोकांची संभाषणं तपासली. दिवसा कामधंदा आणि तक्रारी. रात्री जाळापाशी मात्र ८१ टक्के संभाषणं गोष्टींची. दूरच्या नातलगांच्या, गेलेल्या माणसांच्या. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वाचताना मला आमचा मळाच दिसत होता.

पऱ्हाटी बारीक असते, भसकन पेटते आणि लगेच बसते. या वर्षी ती विझत आली तेव्हा काकांनी बाभळीचा ओंडका आत सारला आणि ७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढली. आजी खडी फोडायला जायची, ती. आम्ही सगळ्यांनी ती कितीदा तरी ऐकलेली. पण भाचीनं मधेच विचारलं, "आबा, पणजीला थंडी नव्हती वाजत?"

हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. काका निखाऱ्यांकडे बघत राहिले.

"गोधडी एकच होती," ते म्हणाले. "आम्ही चौघं भावंडं त्यात झोपायचो. माय कडेला असायची, वाऱ्याच्या बाजूनं."

भाचीनं आपल्या शालीचं टोक माझ्या गुडघ्यावर ओढलं आणि उठून वाऱ्याच्या बाजूला येऊन बसली.