प्रयोगशाळेतली पट्टी औषधाच्या दुकानात जाते तेव्हा

गरोदरपणाची घरगुती चाचणी किंवा कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेली रॅपिड अँटिजेन चाचणी उघडून पाहिली, तर प्लास्टिकच्या खोळीत जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीची कागदासारखी एक पट्टी निघते. तिच्यात चार तुकडे एकावर एक किंचित चढवून चिकटवलेले असतात. पहिल्यावर नमुन्याचे थेंब पडतात. दुसऱ्यात सोन्याच्या सुमारे ४० नॅनोमीटरच्या कणांना जोडलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी, ठरावीक प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रथिने) सुकवून ठेवलेली असतात. तिसरा तुकडा नायट्रोसेल्युलोजच्या पडद्याचा, आणि त्यावर प्रतिपिंडांच्या दोन अदृश्य रेघा आखलेल्या असतात. चौथा नुसता टिपकागद, द्रव पुढे ओढून घेणारा. नमुन्यात रोगाचे प्रथिन असेल तर ते सोन्याचे कण सोबत घेऊन पहिल्या रेघेपाशी अडकते. तिथे कण साचतात आणि लाल रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालली एवढेच सांगते.

आता असे धरू, की विद्यापीठातल्या एका गटाने एखाद्या रोगाच्या प्रथिनाला नेमके चिकटणारे नवे प्रतिपिंड तयार केले, त्याची पट्टी बनवली, २० नमुन्यांवर ती बरोबर ठरली आणि शोधनिबंध छापून आला. तिथून कंपनी उभी राहीपर्यंतचे काम मूळ शोधाइतकेच वैज्ञानिक असते. ते कारकुनी कामात मोजले जाते, आणि चांगले शोध कपाटात पडून राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पहिली चूक बहुधा छापण्याच्या घाईत होते. पेटंट मिळायचे तर शोध नवा असावा लागतो, आणि जगापुढे एकदा मांडलेला शोध नवा उरत नाही. परिषदेतले पोस्टर, संकेतस्थळावरचा सारांश, पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, हे सगळे जगापुढे मांडणेच धरले जाते. अमेरिकेत संशोधकाला स्वतः केलेल्या प्रकाशनानंतर एक वर्षाची मुभा असते. युरोपात ती जवळजवळ नाहीच. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. तिच्या भरवशावर बसू नये. आधी प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे पूर्ण तपशिलाआधीचा तात्पुरता अर्ज, दाखल करावा, मग निबंध खुशाल पाठवावा. अर्जाच्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. परदेशांसाठीचा आंतरराष्ट्रीय अर्जही याच १२ महिन्यांत करायचा असतो. २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे सुरुवातीच्या अर्जासाठी पैसे नव्हते ही सबब आता फारशी टिकत नाही.

निदानाच्या चाचण्यांत आणखी एक मेख आहे. कलम ३(आय) निदानाच्या पद्धतीला पेटंट नाकारते. ‘अमुक प्रथिन मोजून तमुक रोग ओळखण्याची रीत’ असा दावा लिहिला, तर तो इथेच अडखळतो. दावा वस्तूवर असावा: प्रतिपिंड, पट्टीची रचना, कण सुकवण्याचे मिश्रण. हे मिश्रण क्षुल्लक वाटते, पण स्पर्धकाला नक्कल करायला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट पुष्कळदा तीच ठरते.

पेटंटची तारीख मिळाली की खरी परीक्षा सुरू होते. प्रयोगशाळेत विद्यार्थिनी पिपेटने रेघ ओढते आणि दिवसाला पंचवीसेक पट्ट्या करते. कारखान्यात यंत्र ३० सेंटिमीटर लांबीच्या तावावर रेघ आखते आणि मग त्याचे ४ मिलिमीटरचे ७५ तुकडे होतात. रेघेच्या दर सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोलिटर द्रावण पडते. त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम प्रतिपिंड असेल, तर एका पट्टीच्या वाट्याला ०.४ मायक्रोग्रॅम येते. एवढ्याशा मात्रेत थोडा फरक पडला तरी फिकट रेघ दिसेनाशी होते, आणि फिकट रेघ म्हणजे नेमका तो रुग्ण, ज्याचा रोग नुकताच सुरू झाला आहे.

नायट्रोसेल्युलोजचा पडदा हा सर्वांत लहरी भाग. द्रवाला ४ सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागतात यावरून तो विकला जातो: ९०, १२०, १८० वगैरे. वेगवान पडद्यावर निकाल लवकर मिळतो, पण प्रथिनाला रेघेपाशी अडकायला वेळ कमी मिळतो आणि संवेदनशीलता, म्हणजे खरे रुग्ण पकडण्याची क्षमता, घटते. एकाच उत्पादकाच्या दोन लॉटमध्येही हा वेग थोडा बदलतो. संशोधकाने सगळे प्रयोग एकाच रिळावर केलेले असतात, म्हणून ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. कंपनीने निदान तीन लॉटचा पडदा आणि तीन बॅचचे प्रतिपिंड घेऊन ते सगळ्या जोड्यांत तपासावे. नऊ जोड्या होतात, काही आठवडे जातात. पण पुढे बाजारातून माल परत मागवण्यापेक्षा हे फार स्वस्त.

हवेतली ओल हा दुसरा शत्रू. जुळणीच्या खोलीत आर्द्रता बरीच कमी ठेवावी लागते, म्हणजे रत्नागिरीच्या जुलैतल्या हवेच्या अगदी उलट. पाकीट नीट बंद झाले नाही, तर सुकवलेले कण ओल धरून एकमेकांना चिकटतात आणि मग थेंब पडल्यावर सुटे होत नाहीत. म्हणून मिश्रणात साखर घालतात, सुक्रोज किंवा ट्रेहलोज, आणि ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी प्रत्येक पाकिटात असते. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत पट्ट्या काही महिने ठेवून ठरावीक अंतराने तपासल्याशिवाय मुदतीची तारीख छापू नये.

नमुना हीसुद्धा अडचण ठरते. निबंधातली चाचणी पुष्कळदा लघवी-रक्ताऐवजी स्वच्छ बफर द्रावणात (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) केलेली असते. लघवीतल्या क्षारांमुळे सोन्याचे कण गोळा होऊ शकतात; रक्तातली काही प्रतिपिंडे कणांवरच्या आणि रेघेवरच्या अशा दोन्ही प्रतिपिंडांना चिकटून रोग नसताना रेघ उमटवतात. आणि रोगाचे प्रथिन अतोनात असेल तर उलटेच घडते. ते कणांवरच्या आणि रेघेवरच्या, दोन्ही ठिकाणच्या प्रतिपिंडांना स्वतंत्रपणे भरून टाकते, त्यांना जोडणारा दुवा तयारच होत नाही आणि रेघ पुसट होते. सर्वांत आजारी माणसाला ‘निगेटिव्ह’ सांगणारी पट्टी! नमुना १० पट, १०० पट पातळ करून पाहिला की हा दोष उघडा पडतो.

आता त्या २० नमुन्यांकडे परत येऊ. २० पैकी एकही रुग्ण सुटला नाही, हे ऐकायला छान. पण संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा, की ‘न’ नमुन्यांत शून्य चुका आढळल्या तरी चुकांचे खरे प्रमाण ३ भागिले ‘न’ इतके असू शकते. २० ला ते १५ टक्के. ते १ टक्क्यावर आणायला ३०० रुग्ण लागतात, आणि ते नीतिसमितीच्या मंजुरीने रुग्णालयातून मिळवायचे असतात.

शिवाय चाचणी कोणावर करणार? ९५ टक्के संवेदनशील आणि ९५ टक्के नेमकी (१०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर ‘निगेटिव्ह’ सांगणारी) पट्टी १०,००० लोकांना दिली आणि त्यांत १०० आजारी असले, तर ९५ जण बरोबर सापडतील. पण उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी ४९५ जणांनाही लाल रेघ दिसेल. म्हणजे रेघ उमटलेल्या सहांपैकी जेमतेम एक खरोखर आजारी. तीच पट्टी तापाच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे दर तिसरा माणूस आजारी असतो, उत्तम काम करते. गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाचे उत्तर असे गणितातूनही येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार अ ते ड असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्य देते, पुढच्या दोनांचा केंद्र. केवळ चाचणीसाठी थोड्या पट्ट्या बनवायलाही वेगळा परवाना लागतो, हे पुष्कळांना उशिरा कळते. सुरुवातीच्या पैशासाठी बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे ‘बिग’ अनुदान आहे: १८ महिन्यांपर्यंतच्या कामासाठी ५० लाख रुपयांपर्यंत. जागा आणि उपकरणे इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रात, भाड्याने मिळतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून हेच काम करते, मुंबईत आयआयटीचे साइन २००४ पासून.

सगळे सुरळीत जुळले तर वेग किती येऊ शकतो, ते २०२० मध्ये दिसले. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या निदानासाठी क्रिस्परवर, म्हणजे जनुकातला नेमका क्रम हेरणाऱ्या तंत्रावर, काम चालू होते. तेच तंत्र कोरोनाकडे वळवले, मे महिन्यात टाटा समूहाशी करार झाला आणि सप्टेंबरमध्ये ‘फेलुदा’ चाचणीला औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. मागे आधीची काही वर्षे होती, म्हणून ते महिन्यांत झाले.

संस्था आणि कंपनी यांच्यातल्या करारात सुरुवातीचे शुल्क, रॉयल्टी आणि भागभांडवल यांवर खूप खल होतो. हातातले कसब मात्र कागदावर येत नाही: कण किती वेळ ढवळायचे, कणांचा तुकडा कोणत्या ट्रेवर सुकवायचा, मिश्रणाचा रंग कुठे थांबायला हवा. म्हणून सही करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. पट्टी कधीच न केलेल्या व्यक्तीला फक्त लिखित कृती द्यावी आणि तिच्याकडून लागोपाठ तीन बॅच करून घ्याव्यात. मूळ विद्यार्थिनीने शेजारी बसून, न बोलता, ती कुठे अडते ते टिपावे. आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात.