पृष्ठवंश शस्त्रक्रिया व पुनर्वसन (कोकण किनारपट्टी)

पाठीच्या कण्यातील मणके, त्यांमधील गाद्या, मेरुरज्जू व त्यातून निघणारी तंत्रिकांची मुळे यांच्या विकारांवर वा इजांवर केली जाणारी शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतर रुग्णाला पुन्हा उठता-बसता, चालता व शक्य झाल्यास काम करता यावे म्हणून केली जाणारी दीर्घ शुश्रूषा. प्रस्तुत नोंदीत हा विषय कोकण किनारपट्टीच्या, त्यातही मुख्यतः रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या संदर्भात घेतला आहे. पृष्ठवंशाची शरीररचना येथे गृहीत धरली आहे.

इतिहास : या शस्त्रक्रियेचा आरंभ सुश्रुतसंहितेपर्यंत नेण्याचा प्रघात काही लेखकांत आढळतो. या संहितेचा काळ विवाद्य असून तिचे थर इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मानले जातात. तिच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेत मांडी व पोटरीच्या अस्थिभंगासाठी सांगितलेले कपाटशयन, म्हणजे फळीवर खुंट्या ठोकून रुग्णाला निश्चल बांधून ठेवण्याचा विधी, श्रोणी व पृष्ठवंश यांच्या इजांनाही लागू केला आहे. तथापि हे वर्णन अचलीकरणाचे आहे, छेदनाचे नाही. म्हणून त्याची गणना शस्त्रक्रियेत न करता अस्थिभंगाच्या उपचारांत करणे अधिक सयुक्तिक ठरते. चरकसंहितेतील गृध्रसीचे वर्णन, म्हणजे ढुंगणापासून कंबर, मांडी, गुडघा व पोटरीमार्गे पावलापर्यंत उतरणारी वेदना, आजच्या सायटिकेशी जुळते. परंतु तिचे कारण मणक्यांमधील गादीत असू शकते ही कल्पना त्यात नाही. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने मेरुरज्जूवर दाब आणणारा हाडाचा तुकडा काढावा असे सुचविले होते.

आधुनिक काळात लंडन येथे व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८७ मध्ये मेरुरज्जूवर दाब आणणारी गाठ निदानपूर्वक काढली आणि रुग्ण पुन्हा चालू लागला, ही घटना सर्वमान्य आहे. सरकलेल्या गादीच्या शस्त्रक्रियेचे अग्रेसरत्व मात्र वादग्रस्त आहे. बर्लिनमध्ये फेडोर क्राउझे यांनी तंत्रिकातज्ज्ञ हेर्मान ओपेनहाइम यांच्या निदानावरून १९०८ मध्ये अशी गादी काढली, परंतु तिला त्यांनी कूर्चेची गाठ मानले. १९११ मध्ये ग्लासगोचे मिडलटन व टीचर यांनी शवविच्छेदनातून आणि बॉस्टनचे गोल्डथ्वेट यांनी स्वतंत्रपणे गादीकडे बोट दाखविले. वॉल्टर डँडी यांनी १९२९ मध्ये सुट्या कूर्चाखंडांचे दोन रुग्ण नोंदविले. यानंतर विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी आपल्या रुग्णांतून काढलेले, गाठ समजले गेलेले ऊतक पुन्हा तपासले आणि १९३४ मध्ये ते फुटून मागे सरकलेल्या गादीचेच असल्याचे प्रसिद्ध केले. डँडी यांचा दावा आधीचा असल्याचे मत अधूनमधून मांडले जाते. पण वस्तू काढणे आणि ती काय आहे हे ओळखणे यांत भेद केला, तर श्रेय मिक्स्टर व बार यांच्याकडेच जाते आणि बहुतेक ग्रंथ तेच मानतात. सायटिका ओळखण्यासाठी रुग्णाला उताणे निजवून सरळ पाय उचलण्याची जी तपासणी आजही प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात होते, तिच्याबाबतही असाच घोळ आहे : ती फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते, पण त्यांनी १८६४ च्या लेखात तिचे वर्णन केलेले नाही, ते सर्बियन वैद्य व साहित्यिक लाझा लाझारेविच यांनी १८८० मध्ये आणि लासेग यांचे शिष्य फोर्स्ट यांनी १८८१ मध्ये केले.

मणके एकमेकांशी सांधण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज व फ्रेड ऑल्बी यांनी १९११ मध्ये, प्रामुख्याने मणक्यांच्या क्षयासाठी, प्रसिद्ध केली. मणक्याच्या देठातून, म्हणजे त्याचा पुढचा व मागचा भाग जोडणाऱ्या हाडातून, स्क्रू घालण्याची पद्धत फ्रान्समध्ये रॉय-कॅमिय यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केली, तर सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या छेदातून गादी काढण्याचे तंत्र याशारगिल व कास्पार यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे मांडले.

शस्त्रक्रियेचे प्रयोजन : गादी सरकल्यामुळे पायात उतरणारी कळ बहुतेक रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत औषधे, मर्यादित विश्रांती व व्यायाम यांनी ओसरते. नॉर्वेतील वेबर यांच्या १९८३ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले रुग्ण एका वर्षानंतर अधिक बरे होते, परंतु चौथ्या व दहाव्या वर्षी हा फरक लक्षणीय उरला नव्हता. शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळतो, अंतिम निष्पत्तीत मात्र फारसा भेद पडत नाही, हे मत त्यामुळे प्रबळ झाले आहे. याला ठळक अपवाद म्हणजे लघवी तुंबणे, गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे किंवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे. अशा वेळी शक्यतो ४८ तासांच्या आत दाब दूर करावा लागतो. मणक्यांच्या क्षयात मुख्य उपचार औषधांचाच असून तो साधारणतः १२ महिने, कधी १८ महिनेही चालतो. पू, पक्षाघात वा कुबड वाढत असल्यासच शस्त्र धरावे, हा वाराणसीचे एस. एम. तुली यांनी पुरस्कारलेला मध्यममार्ग भारतात रुळला आहे.

कोकणातील इजा : माड, पोफळी व आंब्यावरून पडणे हे येथील गंभीर इजांचे वैशिष्ट्यपूर्ण कारण आहे. पायांवर किंवा बसक्या स्थितीत आपटल्यास छातीचा बारावा व कमरेचा पहिला या मणक्यांच्या संधिभागी चुरा होतो आणि टाचेचे हाडही बरेचदा मोडते. म्हणून टाच मोडलेल्या रुग्णाचा कणा तपासणे आवश्यक ठरते. हापूसच्या काढणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला (आंबे काढण्याचे साधन) फळाचा देठ राखण्यासाठी नावाजला जातो, परंतु जमिनीवरून काढणी करता येत असल्याने झाडावर चढण्याची गरज कमी होते, हा त्याचा लाभ कमी महत्त्वाचा नाही. जांभ्याचे चिरे उचलणे, भातलावणीत तासन्‌तास ओणवे राहणे आणि होडीवर जाळी ओढणे यांमुळे होणारी कंबरदुखी सर्वपरिचित असून तिचा फार थोडा भाग शस्त्रक्रियेपर्यंत येतो.

झाडाखाली पडलेल्यास दोघांनी खांदा-पाय धरून उचलणे किंवा रिक्षात बसवून नेणे घातक ठरते. फळीवर वा दारावर, मान व धड एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी एकाच वेळी उचलणे हा योग्य मार्ग होय. वेदना उतरावी म्हणून हाडवैद्याकडून पाठ चोळून घेण्याने मेरुरज्जूची अर्धवट इजा पूर्ण होण्याचा धोका असतो.

उपचारकेंद्रे : विशेष शस्त्रक्रियेसाठी किनारपट्टीतील रुग्ण परंपरेने तीन दिशांना जातात : उत्तरेकडून मुंबईला, रत्नागिरी भागातून आंबा घाटाने कोल्हापूरला आणि सावंतवाडी-दोडामार्गकडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. २०१८ च्या आरंभी गोव्याने परराज्यांतील रुग्णांना शुल्क लावल्यावर दोडामार्ग भागात जनआंदोलन झाले, यावरून या अवलंबित्वाची कल्पना येते. अलीकडे अलिबाग, सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ रुग्णवाहिका सेवा यांचाही आधार मिळतो.

शस्त्रक्रियोत्तर काळ : सूक्ष्म छेदाने गादी काढलेल्या रुग्णास बहुधा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी चालवितात. कुशीवर वळताना खांदा व कंबर एकत्र फिरवावी, पाय खाली सोडून हाताच्या रेट्याने उठावे, हे परिचारिका शिकवितात. पहिले सुमारे सहा आठवडे वाकणे, पिळा देणे व ओझे उचलणे वर्ज्य असते. मणके सांधले असल्यास हाड जुळण्यास तीन ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. निकोटिनमुळे हे जुळणे मंदावते. विडी-सिगारेटबद्दल रुग्णाला विचारले जाते, पण मिश्रीबद्दल (दातांना लावायची भाजलेली तंबाखू), विशेषतः वयस्क स्त्रियांना, मुद्दाम विचारावे लागते, कारण ती व्यसनात मोडते असे घरात कोणी मानत नाही.

रुग्णालयात दिलेला सल्ला घरी पाळता येणे हे येथे घराच्या रचनेवर बरेच अवलंबून असते. रस्त्यापासून घरापर्यंतची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), उंच उंबरठे, बसका शौचकूप, रहाटाची विहीर आणि जमिनीवर बसून विळीवर चिरण्याची सवय यांचा विचार घरी सोडण्यापूर्वी व्हावयास हवा. कमोडची खुर्ची, ओट्याशी उभ्याने स्वयंपाक आणि बाजेऐवजी न झोळणारा पलंग एवढ्या तजविजीने पुष्कळ काम होते. पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ धरते. त्या दिवसांत चालण्याचा व्यायाम पडवीत करणे बरे. जखम कोरडी ठेवणे दमट हवेत अवघड जाते. ताप, जखमेतून पाणी येणे किंवा पायात नव्याने आलेला बधिरपणा दिसल्यास पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये.

मेरुरज्जूला कायमची इजा झालेल्यांचे पुनर्वसन हा वेगळा व अधिक कठीण भाग आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, ठरावीक वेळी नळीने लघवी काढणे आणि सांधे आखडू न देणे ही कामे घरच्या माणसांनाच शिकून घ्यावी लागतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था यासाठी प्रसिद्ध आहे. किनारपट्टीत तिच्या तोडीचे केंद्र नाही. चढणीचे वा होडीवरचे काम सुटलेल्या रुग्णांपैकी काही नारळ सोलणे, जाळी विणणे किंवा दुकान चालविणे अशा बैठ्या व्यवसायांकडे वळतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना शासकीय सवलती मिळू शकतात.