पिवळी पोकेमॉन कॅसेट: जपानी घ्यावी की इंग्रजी?

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या काचेच्या कपाटात दोन पिवळ्या कॅसेटी शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हींवर पिकाचू, दोन्ही अस्सल, पण एक दुसरीपेक्षा बरीच स्वस्त. स्वस्त असते ती जपानी. मग काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "भाषा सोडली तर गेम तोच ना?" कथा तीच आहे, पण आतली मांडणी वेगळी आहे. भाषेपलीकडचे काही फरक असे आहेत की ते आधी कळले नाहीत तर घरी गेल्यावर चिडचिड होते. गर्दीच्या वेळी ते नीट समजावून सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्रक छापले.

गेमबॉय (निन्टेन्डोचे हातात धरून खेळायचे मशीन) कोणत्याही देशाचा असो, कॅसेट कोणत्याही देशाची असो, ती लागते आणि चालते. गेमबॉयला देशाचे कुलूप नाही. त्यामुळे "माझ्या मशिनवर चालेल का?" ही काळजी सोडा. आपल्याला कोणती सोयीची, एवढेच ठरवायचे आहे.

कार्टूनवरून बेतलेला गेम

पोकेमॉनमध्ये गेम आधी आला आणि कार्टून नंतर. जपानमध्ये रेड आणि ग्रीन या कॅसेटी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विक्रीला आल्या, टीव्हीवरची मालिका १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली. मालिका एवढी चालली की पुढे गेमनेच मालिकेचे अनुकरण केले, आणि त्यातून ही पिवळी कॅसेट आली. मूळ गेममध्ये सुरुवातीला तीन पोकेमॉनपैकी एक निवडायचा असतो. इथे निवड नाही, पिकाचूच मिळतो. तो पोकेबॉलमध्ये जात नाही, तुमच्या मागे मागे चालतो, वळून बोललात तर खूश आहे की रुसला आहे ते चेहऱ्यावर दाखवतो. त्याला थंडर स्टोन देऊन रायचू (पिकाचूचे पुढचे रूप) करायला जा, तो साफ नकार देतो. वाटेत टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीतले जेसी, जेम्स आणि मियाऊथ आडवे येतात. बल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल हे तिघेही पुढे भेट मिळतात, मालिकेतल्या ॲशला मिळाले तसे. आपल्याकडे ज्यांनी कार्टून नेटवर्कवर मालिका पाहिली आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल.

पिकाचूचा आवाजही मालिकेतलाच. इकुए ओतानी या जपानी अभिनेत्रीच्या आवाजाचे तुकडे कॅसेटमध्ये भरले आहेत. गेमबॉयच्या छोट्या स्पीकरवर ते खरखरीत वाजतात, ती कॅसेटची खराबी समजू नका. या बाबतीत जपानी-इंग्रजी भेद नाही.

नावांचे थोडक्यात: नायक आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यासाठी दिलेल्या तयार नावांच्या यादीत जपानी कॅसेटमध्ये सातोशी आणि शिगेरू दिसतील, इंग्रजीत त्यांच्या जागी ॲश आणि गॅरी. जपानी पडद्यावरचा मजकूर कांजी न वापरता फक्त काना लिपीत आहे. जपानी शिकायला नुकती सुरुवात केलेल्यांना तो वाचायला बरा पडतो, आणि अशा विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून जपानी कॅसेटच सुचवतो.

रंग

सर्वांत मोठा डोळ्यांना दिसणारा फरक हाच, आणि त्याचे कारण तारखांमध्ये आहे.

जपानी आवृत्ती १२ सप्टेंबर १९९८ रोजी बाजारात आली. रंगीत पडद्याचा गेमबॉय कलर जपानमध्ये आला २१ ऑक्टोबर १९९८ रोजी, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याने. साहजिकच जपानी कॅसेट बनवताना रंगीत मशीन हिशेबात नव्हते. टीव्हीला जोडायच्या सुपर गेमबॉयवर तिला थोडे रंग आणि भोवती चौकट मिळते, साध्या गेमबॉयवर मात्र ती राखाडी छटांतच चालते.

अमेरिकेत गोष्टी उशिरा सुरू झाल्या. तिथे मालिका आणि रेड-ब्लू कॅसेटी दोन्ही सप्टेंबर १९९८ मध्ये आल्या, म्हणजे जपानी मुले पिवळी कॅसेट खेळत होती तेव्हा अमेरिकन मुले पहिलीच कॅसेट उघडत होती. पिवळी त्यांच्या हाती पडली ऑक्टोबर १९९९ मध्ये, युरोपात तर जून २००० मध्ये. तोवर गेमबॉय कलर घरोघरी पोचला होता. म्हणून जपानबाहेरच्या आवृत्तीत कलरसाठी खास रंग घातले गेले. प्रत्येक गावाला वेगळी छटा, लढाईत प्रत्येक पोकेमॉनला त्याच्या अंगाचा रंग. पुढच्या गोल्ड-सिल्व्हरइतकी ही रंगसंगती भरलेली नाही, एका वेळी मोजकेच रंग दिसतात, पण पिकाचू पिवळा आणि बल्बासॉर हिरवा दिसतो. जुन्या राखाडी गेमबॉयवरही ही कॅसेट व्यवस्थित चालते.

जपानी कॅसेट गेमबॉय कलरमध्ये घातली तर काय होते? मशीन तिला स्वतःकडचा एक ठरीव रंगसंच लावते. सुरुवातीची पाटी पडद्यावर येते तेव्हा दिशेचे बटण, किंवा त्याच्या जोडीला ए वा बी, दाबले तर असे बारा संच निवडता येतात. खेळायला मजा येते, पण पोकेमॉन बदलला म्हणून रंग बदलत नाही. "जपानी घेतली, कलरवर लावली, पण रंग चुकीचे येतात" अशी तक्रार घेऊन कोणी आले की आम्हाला हेच समजावून सांगावे लागते. कॅसेट चांगली आहे, तिला रंग माहीतच नाहीत.

तुमच्याकडे गेमबॉय कलर किंवा गेमबॉय ॲडव्हान्स असेल आणि निव्वळ खेळण्यासाठी घेत असाल, तर आमचे मत सरळ आहे: थोडे पैसे जास्त गेले तरी इंग्रजी घ्या.

केबल जोडण्यापूर्वी हे वाचा

जपानी आणि इंग्रजी कॅसेटमध्ये केबलने पोकेमॉनची अदलाबदल करू नका. दोन्ही मशीन जोडली जातात, पडद्यावर सगळे नीट चालल्यासारखे वाटते, आणि मग साठवलेला खेळ बिघडतो. नावांच्या जागी अगम्य चिन्हे येतात, कधी दोन्हीकडचा खेळ जातो. एकदा असे झाले की आमच्याकडे त्यावर इलाज नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. जपानी कॅसेटमध्ये खेळाडूचे किंवा पोकेमॉनचे नाव जास्तीत जास्त पाच अक्षरांचे असते. इंग्रजीत पाच अक्षरांत भागणार नव्हते, म्हणून खेळाडूला सात आणि पोकेमॉनला दहा अक्षरे दिली. प्रत्येक पोकेमॉनबरोबर दोन नावे साठवावी लागतात, एक त्याचे आणि एक त्याच्या पहिल्या मालकाचे. जपानी कॅसेटमध्ये त्या प्रत्येक नावाला सहा बाइट (मेमरीचे माप) राखून ठेवले आहेत, इंग्रजीत अकरा. पोकेमॉनची बाकी माहिती दोन्हीकडे सारखीच, ३३ बाइटची. म्हणजे पेटीत ठेवलेला एक पोकेमॉन जपानी कॅसेटमध्ये ४५ बाइट घेतो आणि इंग्रजीत ५५. आता एक मशीन लहान मापाने माहिती पाठवते आणि दुसरे मोठ्या मापाने वाचायला बसते. पहिल्या नावाच्या पुढे सगळेच सरकलेले असते, पण गेमला ते कळत नाही. तो सरकलेली माहितीच खरी धरून स्वतःच्या मेमरीत लिहून टाकतो.

याच दहा बाइटांमुळे पेट्यांची रचनाही वेगळी आहे. गेममधल्या काँप्युटरवर पकडलेले पोकेमॉन ठेवायला जपानी कॅसेटमध्ये ३० जागांच्या आठ पेट्या आहेत, इंग्रजीत २० जागांच्या बारा. एकूण दोन्हीकडे २४०च. पण इंग्रजीत पेटी लवकर भरते, आणि संघात जागा नसताना चालू पेटीही भरलेली असेल, तर जंगलात आवडता पोकेमॉन समोर आला तरी तो पकडता येत नाही. सफारी झोनमध्ये (गेममधल्या अभयारण्यात) शिरण्याआधी पेटी बदलून घ्या.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश कॅसेटी मात्र आपसात खुशाल जोडा. त्यांची मापे एक आहेत. जर्मन किंवा फ्रेंच कॅसेटमधून आलेला पोकेमॉन आपले तिकडचे नाव घेऊनच येतो, एवढेच. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये पोकेमॉनची नावे इंग्रजीतलीच ठेवली आहेत.

अदलाबदल करायचीच नसेल तर हा सगळा भाग तुमच्यासाठी गैरलागू आहे. पण एक लक्षात असू द्या: एकाच पिवळ्या कॅसेटमध्ये सगळे १५१ पोकेमॉन मिळत नाहीत. टीम रॉकेटचे एकान्स, कॉफिंग आणि मियाऊथ हे तिघे जंगलात कुठेच सापडत नाहीत, वीडल, जिंक्स, इलेक्टाबझ आणि मॅगमारही नाहीत. ते रेड-ब्लूमधून आणावे लागतात. म्हणजे पोकेडेक्स (मिळालेल्या पोकेमॉनची नोंदवही) पूर्ण करायचा बेत असेल तर दुसरी कॅसेटही पहिलीच्याच गटातली हवी. घरात आधीपासून मोठ्या भावाची इंग्रजी रेड पडून असेल, तर स्वस्त मिळते म्हणून जपानी पिवळी घेण्यात काही अर्थ नाही.

जुन्या मासिकांतले किंवा इंटरनेटवरचे चीट कोडही एका गटातून दुसऱ्या गटात चालत नाहीत. मेमरीत कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे, तेच बदललेले आहे.

टीव्हीवर खेळणाऱ्यांसाठी

टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो ६४ या मशिनवर पोकेमॉन स्टेडियम नावाचा गेम आहे, त्यात ट्रान्सफर पॅक (गेमबॉयची कॅसेट जोडायचे उपकरण) लावून आपल्या कॅसेटमधले पोकेमॉन मोठ्या पडद्यावर लढवता येतात. इथे आकड्यांचा घोळ आहे. जपानमध्ये पहिला स्टेडियम १ ऑगस्ट १९९८ रोजी आला. त्यात १५१ पैकी ४२ पोकेमॉनच लढू शकत होते, आणि तो जपानबाहेर कधी विकला गेला नाही. जपानचा स्टेडियम २ हाच अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये नुसता "स्टेडियम" म्हणून आला. मागवताना आकडा पाहून फसू नका. जपानी कॅसेटला जपानी स्टेडियम, इंग्रजीला इंग्रजी, हा नियम इथेही आहे. शिवाय निन्टेन्डो ६४ ला गेमबॉयसारखी मोकळीक नाही, तिथे देशाचे कुलूप आहे.

पिवळ्या कॅसेटमध्ये पिकाचूचा लाटांवर स्वार होण्याचा एक छोटा खेळ आहे. त्यासाठी पिकाचूला सर्फ ही चाल यावी लागते आणि ती या कॅसेटमध्ये शिकवता येत नाही. ती स्टेडियममध्ये प्राइम कपचा मास्टर बॉल गट पिकाचूला संघात घेऊन जिंकल्यावर मिळते. केवळ त्या छोट्या खेळासाठी एवढा खर्च करू नये असे आमचे प्रामाणिक मत, पण हौसेला मोल नाही.

निन्टेन्डो थ्रीडीएसवर हाच गेम २७ फेब्रुवारी २०१६ पासून डाउनलोड करून मिळत असे. ते ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले. ज्यांनी तेव्हा विकत घेतला त्यांना तो पुन्हा उतरवून घेता येतो, नव्याने विकत घेता येत नाही. म्हणूनच जुन्या कॅसेटींना पुन्हा भाव आला आहे, आणि भावाबरोबर डुप्लिकेट मालही.

अस्सल की डुप्लिकेट, आणि सेलचे काय

दोन्ही आवृत्त्यांचे प्लास्टिक पिवळेच असते, त्यामुळे रंगावरून काही ठरत नाही. जपानी कॅसेटच्या नावात "यलो" हा शब्द नाही, तिचे नाव "पॉकेट मॉन्स्टर्स पिकाचू". स्टिकरवरच्या बारीक कोडची शेवटची अक्षरे पाहा: जपानीला जेपीएन, अमेरिकनला यूएसए, युरोपातल्या इंग्रजीला ईयूआर, जर्मनला एनओई. कोरियन किंवा चिनी भाषेतली पिवळी कॅसेट कोणी दाखवली तर हात जोडा. गेमबॉयवर पोकेमॉन गेमची ही पहिली पिढी त्या भाषांत अधिकृतपणे निघालेलीच नाही.

अस्सल कॅसेटच्या मागच्या स्क्रूला ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. साधा चार बाजूंचा स्क्रू दिसला तर कॅसेट बनावट आहे किंवा कोणीतरी उघडलेली आहे. आमच्याकडे घेताना आम्ही समोरच उघडून आतला बोर्ड दाखवतो. दुसरीकडे घेत असाल तर तसे सांगायला संकोचू नका.

आत एक छोटा तीन व्होल्टचा बटन सेल सोल्डर केलेला असतो आणि साठवलेला खेळ त्याच्या जोरावर टिकतो. या गेममध्ये घड्याळ नाही, त्यामुळे गोल्ड-सिल्व्हरच्या मानाने सेल जास्त वर्षे जातो, तरी पंचवीस वर्षांचा मूळ सेल म्हणजे आज ना उद्या संपणारच. सेल काढला की साठवलेले सगळे पुसले जाते. म्हणून सेल बदलायला देताना आत जपण्यासारखा खेळ आहे का ते आधी सांगा. आम्ही तो काँप्युटरवर उतरवून घेतो, नवा सेल बसवतो आणि खेळ परत भरतो. आधीच सेल संपून सेव्ह उडाली असेल तर ती परत आणता येत नाही, जपानीतली असो वा इंग्रजीतली. त्यामुळे कॅसेट बरेच दिवस कपाटात पडून असेल, तर एकदा लावून "कंटिन्यू" दिसते का ते पाहा आणि दिसत असेल तोवरच घेऊन या.